लेस्बियन हरस्टोरी अर्काइव्हज, न्यूयॉर्क

समलिंगी स्त्रियांच्या जीवनाची कागदपत्रे, छायाचित्रे, पुस्तके, ध्वनिमुद्रणे आणि वापरातल्या वस्तू जपणारे अमेरिकेतील लोकसंग्रहालय. स्थापना १९७४. जोन नेसल, डेबोरा एडेल आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी मॅनहॅटनमधील नेसल यांच्या राहत्या घरी संग्रह सुरू केला. तो वाढत वाढत घरभर पसरला. लोकवर्गणीतून ब्रुकलिनच्या पार्क स्लोप भागात इमारत घेतल्यावर, १९९३ मध्ये, तो तेथे हलला.

अशा स्त्रियांची पत्रे त्यांच्यामागे नातेवाईक लाजेपोटी फाडून टाकत. अधिकृत ग्रंथालयांत त्यांची नोंद झालीच तर ती बहुधा रोग किंवा गुन्हा म्हणून. म्हणून संग्रहाची तत्त्वे ठाम आहेत. तो कधी विकायचा नाही आणि विद्यापीठाच्या ताब्यात द्यायचा नाही. येथे येण्यासाठी पदवी लागत नाही. व्यवस्थाही स्वयंसेविकाच पाहतात.

येथील मोलाचा ठेवा मेबल हॅम्प्टन (१९०२–१९८९) यांचा. तरुणपणी नर्तकी असलेल्या या कृष्णवर्णीय स्त्रीने पुढे अनेक वर्षे धुण्याभांड्याची, साफसफाईची कामे केली. लिलियन फॉस्टर यांच्याबरोबरचा तिचा संसार १९३२ पासून फॉस्टर यांच्या मृत्यूपर्यंत, १९७८ पर्यंत टिकला. नेसल यांनी तिच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या आणि तिने आपला पुस्तकसंग्रहही येथेच दिला. कोणत्याही इतिहासग्रंथाने दखल घेतली नसती असे हे आयुष्य आज तिच्याच आवाजात ऐकता येते. आपल्यासारखे आपणच पहिले, असे वाटणाऱ्या तरुणीला याहून भक्कम आधार क्वचितच मिळेल.