रानातली जनावरे आणि गोठ्यातली गुरे



आजच्या पुष्पाचा विषय फळ्यावर वाचून दोघातिघांनी मला बाहेरच गाठले. त्यांचा प्रश्न असा की, इतिहासाच्या व्याख्यानात गुराढोरांची दुखणी कशाला? प्रश्न रास्त आहे. आपण इतिहास शिकलो तो लढायांचा आणि तहांचा. पण एखाद्या मुलखात नांगर चालला की नाही, घोडदळ जाऊ शकले की नाही, कोणती वस्ती टिकली आणि कोणती उठली, या गोष्टी पुष्कळदा माशीच्या चाव्याने ठरलेल्या आहेत. अशाच एका माशीची, तिने पसरवलेल्या रोगाची आणि त्या रोगापायी मारल्या गेलेल्या लाखो वन्य पशूंची हकीकत मी आज सांगणार आहे. ती घडली आफ्रिकेत. पण तिचा एक धागा आपल्या परळपर्यंत आणि दुसरा चंद्रपूरपर्यंत येतो.

लिव्हिंग्स्टनचे नाव आपल्या सर्वांच्या कानांवरून गेलेले आहे. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात त्सेत्से नावाच्या माशीची तक्रार आहे. आपल्या घरमाशीहून फारशी मोठी नसलेल्या या माशीने एका प्रवासात त्याचे त्रेचाळीस उमदे बैल मारले. त्याने हेही टिपून ठेवले आहे की ही माशी माणसाला आणि रानातल्या जनावरांना चावते, पण त्यांना काही होत नाही. बैल, घोडा आणि कुत्रा मात्र हमखास जातात. माशीच्या डंखात विष असते, असाच त्या काळच्या युरोपीय लोकांचा समज होता. पण जे विष बैलाला मारते ते हरणाला का मारत नाही, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

झुलू लोकांचे म्हणणे निराळे होते. या रोगाला ते नागाना म्हणत, आणि आज सारे जग त्याला याच नावाने ओळखते. जनावर खंगत जाते, अंगात ताप राहतो, डोळ्यांतून पाणी गळते, घोड्याच्या पोटाला आणि पायांना सूज येते आणि शेवटी ते आडवे होते. झुलू गुराखी म्हणत, हे दुखणे रानातल्या मोठ्या जनावरांपासून येते. ती जेथे चरतात आणि पाणी पितात, तेथले गवत-पाणी त्यांच्या लाळेने नासते आणि आपली गुरे ते खाऊन मरतात. शिकलेल्या मंडळींनी ही अडाण्यांची समजूत म्हणून सोडून दिली होती. यात खरे किती आणि खोटे किती, हे पुढे येईलच.

१८९४ साली नाताळच्या गव्हर्नरने डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरला या रोगाच्या शोधासाठी झुलूलँडात धाडले. माल्टा बेटावरच्या तापाचे जंतू ब्रूसने १८८७ सालीच शोधून काढले होते. आता तो आणि त्याची पत्नी मेरी बैलगाडीने प्रवास करीत उबोम्बो नावाच्या डोंगरावर पोचली. राहायला कुडामातीची झोपडी होती आणि तिची पडवी हीच प्रयोगशाळा. मेरीबाई पतीच्या बरोबरीने सूक्ष्मदर्शक यंत्रापाशी बसत आणि दिसेल त्याची चित्रे काढीत. पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव क्वचितच येते, म्हणून येथे मुद्दाम घेतो.

या डोंगराचा एक मोठा फायदा होता. वर माशी नव्हती. खाली उतरले की माशीच माशी. म्हणजे निसर्गानेच प्रयोगाची मांडामांड करून ठेवली होती. ब्रूसने निरोगी घोडे खाली नेले. मळणीच्या वेळी आपण बैलांना मुसक्या बांधतो, तशा त्यांच्या तोंडाला बांधल्या. खालच्या गवताचे एक पाते किंवा पाण्याचा एक घोट त्यांच्या पोटात जाऊ दिला नाही. माशा मात्र चावू दिल्या आणि त्यांना परत वर आणले. ते घोडे आजारी पडले. मग त्याने उलटा प्रयोग केला. खालचे गवत आणि पाणी वर आणून धडधाकट घोड्यांना दिले. ते घोडे मजेत राहिले. गवत-पाण्याचा आरोप येथेच निकालात निघाला. राहिली माशी. आजारी जनावरांच्या रक्तात ब्रूसला वळवळणारे, माशाच्या पिलासारखे दिसणारे अतिसूक्ष्म जीव दिसले होते. त्यांना ट्रिपनोसोम म्हणतात. डंखातले विष म्हणजे हेच जीव, आणि माशी ही त्यांची नुसती वाहक.

पण माशी ते आणते कोठून? खालच्या रानात पाळीव गुरे तर नव्हतीच. तेव्हा ब्रूसने शिकार केलेल्या वन्य जनावरांचे रक्त घेऊन ते कुत्र्यांना टोचले. रानम्हैस, विल्डेबीस्ट, कुडू, बुशबक नावाचे झुडपातले हरण आणि तरस, या पाच जातींच्या रक्ताने कुत्र्यांना नागाना झाला. ही जनावरे स्वतः ठणठणीत होती. त्यांच्या अंगात ते जीव थोड्या संख्येने राहत, आणि हजारो पिढ्यांच्या सहवासाने यजमान व पाहुणा यांनी एकमेकांशी जुळवून घेतले होते. बाहेरून आलेल्या बैलाला तो सराव नव्हता. म्हणजे झुलू गुराख्याचे कारण चुकले होते, पण बोट त्याने बरोबर ठिकाणी ठेवले होते. ब्रूसने आपल्या अहवालात या समजुतीची थट्टा केली नाही, ती तपासली. यासाठी मला तो मोठा वाटतो.

ब्रूसच्या समजुतीतही एक उणीव राहिली. दाभणाला लागलेले रक्त जसे दुसऱ्याला लागावे तशी माशी रोग नेते, असे तो मानी. १९०९ साली क्लायने या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की तो जीव माशीच्या शरीरात काही आठवडे वाढतो, आणि त्यानंतरच ती माशी रोग देऊ लागते.

इतके झाल्यावर पुढचा विचार कोणाच्याही मनात येईल, आणि तो आलाच. रानातली जनावरे हे रोगाचे कोठार असेल तर कोठारच रिकामे का करू नये? या विचाराला एका भयंकर योगायोगाने बळ दिले. १८९६-९७ साली दक्षिण आफ्रिकेत बुळकांडी पसरली. आपल्या शेतकऱ्यांच्या कितीतरी पिढ्या जिच्या नावाने कापत आल्या आणि २०११ साली जी जगातून गेल्याचे जाहीर झाले, तीच ही बुळकांडी. तिने गुरे तर नेलीच, रानम्हशीही कळपांनी पडल्या. आणि ट्रान्सवालच्या सखल प्रदेशातून त्सेत्से माशी नाहीशी झाली! जनावर नाही तर रक्त नाही, रक्त नाही तर माशी नाही. हिशेब सोपा दिसला. पुढे १९१५ च्या सुमारास खुद्द ब्रूसच म्हणू लागला की माशीच्या मुलखात वन्य पशूंना कायद्याचे संरक्षण देणे म्हणजे शहरात पिसाळलेली कुत्री पाळण्यासारखे आहे.

मग बंदुका निघाल्या. झुलूलँडात उम्फोलोझीचे अभयारण्य होते. पहिल्या महायुद्धानंतर त्याच्या कडेला गोऱ्या सैनिकांना जमिनी दिल्या गेल्या. त्यांची गुरे मरू लागताच ओरड झाली. १९२९-३० या दोन वर्षांत तेथे सव्वीस हजारांवर जनावरे मारली गेली. पांढऱ्या गेंड्याला तेवढी सूट होती, कारण तो तेथे मूठभरच उरला होता. हॅरिस नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने मध्यंतरी जनावराच्या आकाराचा सापळा टांगून लाखो माशा पकडल्या; तरी रोग पुन्हा उसळला, आणि १९४२ ते १९५० मध्ये आणखी सत्तर हजारांच्या घरात बळी पडले. दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, १९२४ ते १९४५ या काळातला आकडा तीन लाखांच्या पुढे जातो.

श्रोतेहो, या शेतकऱ्यांना निर्दय म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ज्याचा बैल मेला आहे त्याच्यापुढे हरणाच्या डोळ्यांचे काव्य गाऊन चालत नाही, हे आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला सांगायला नको. आणि काही ठिकाणी माशी खरोखरच हटली, तेथे गुरे वाढली, हेही कबूल केले पाहिजे. माझा आक्षेप वेगळा आहे. कोणते जनावर मारायचे, हे कोणी विचारलेच नाही.

ते उत्तर आले फार उशिरा. १९५० नंतरच्या वर्षांत वाइट्झ या शास्त्रज्ञाने पकडलेल्या माशांच्या पोटातले रक्त तपासून ते कोणत्या जनावराचे, हे ओळखण्याची रीत वापरली. हजारो माशा तपासल्या गेल्या. तेव्हा दिसले की माशीच्या आवडीनिवडी पक्क्या आहेत. मोकळ्या रानातली माशी मुख्यतः वॉर्टहॉग या रानडुकरावर जगते, तर झुलूलँडात ज्या जातीने उच्छाद मांडला होता तिचा ओढा बुशबककडे. आणि झेब्रा, विल्डेबीस्ट, इम्पाला? त्यांच्याकडे ती जवळजवळ फिरकतच नाही. विल्डेबीस्टच्या रक्तात ब्रूसला परोपजीवी सापडला होता हे खरे. पण रक्तात सापडणे निराळे आणि माशीचे पोट भरणे निराळे. ही झेब्र्यांची आणि विल्डेबीस्टांची खिल्लारे मोकळ्या माळावर सहज दिसतात, सहज मारता येतात. म्हणून ती मेली. वॉर्टहॉग बिळात आणि बुशबक झुडपात दडून राहिले.

झुलूलँडातली माशी अखेर गेली ती बंदुकीने नाहीच. १९४५ पासून विमानांतून कीटकनाशकांचा धूर सोडला गेला, आणि १९५४ पर्यंत त्सेत्सेची ती मुख्य जात तेथून नाहीशी झाली. जनावरे मारणे थांबले. उम्फोलोझीत तगून राहिलेल्या पांढऱ्या गेंड्यांच्या वंशातूनच १९६० नंतर इतर अभयारण्यांत गेंडे पाठवले गेले. मात्र या विजयाला शेपूट आहे. त्सेत्सेच्या दोन दुय्यम जाती मागे उरल्या होत्या, त्यांकडे कोणी लक्ष दिले नाही. १९९० साली त्याच प्रदेशात नागाना पुन्हा उद्भवला.

जॉन फोर्ड हा आयुष्यभर त्सेत्सेच्या मागे हिंडलेला कीटकशास्त्रज्ञ. १९७१ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने एक अडचणीचा प्रश्न टाकला: गोरे येण्यापूर्वी या लोकांनी इतकी गुरे पाळली तरी कशी? त्याचे उत्तर असे की, दाट वस्ती, वणवे लावून झुडपे हटवणे आणि नियमित शिकार यांनी रान आणि गोठा यांत अंतर राखले जात होते. लढाया, बुळकांडी आणि नवे कायदे यांनी माणसे हलली, झुडपे परत वाढली आणि माशी दारात आली. फोर्डचे सारेच म्हणणे सर्वांना मान्य नाही. पण प्रश्न टाळता येण्याजोगा नाही.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या देशात त्सेत्से नाही. पण नागान्याचा सख्खा भाऊ आहे, तो म्हणजे सर्रा. घोडे आणि उंट त्याने मरतात, आणि गोमाश्या त्याला एका अंगावरून दुसऱ्या अंगावर नेतात. येथे ब्रूसची दाभणाची उपमा तंतोतंत लागू पडते. या रोगाचा जीव ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माइलखान येथे शोधला, ब्रूसच्या पुष्कळ आधी. पण असले जीव कलकत्त्याच्या निरोगी उंदरांतही आढळतात, तेव्हा ते निरुपद्रवी असणार, असे म्हणून वरिष्ठांनी ते बाजूला सारले. रोगाचा जीव एका प्राण्यात सुखाने नांदतो आणि दुसऱ्याला मारतो, हीच गोष्ट त्यांना उमजली नाही. पुढे १८८५ साली जे. एच. स्टील यांनी या जीवाला इव्हान्सचे नाव दिले. हेच स्टील १८८६ साली परळला सुरू झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. सर्रा हा शब्द आपल्या ‘सूर’पासून, म्हणजे नाकपुडीतून निघणाऱ्या श्वासापासून आला, असे इंग्रजी कोशकार सांगतात.

सर्रा माणसाला होत नाही, असे सर्वच पुस्तके सांगत. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला येऊन-जाऊन ताप येऊ लागला, आणि त्याच्या रक्तात चक्क सर्र्याचा जीव वळवळताना दिसला. आपल्या सर्वांच्या रक्तात या जीवाला मारणारे एक प्रथिन असते. तपासात कळले की या माणसाच्या रक्तात जन्मतःच ते नव्हते. त्यावरचे औषध देशात मिळत नव्हते, ते जागतिक आरोग्य संघटनेमार्फत आणवले गेले. तो शेतकरी बरा झाला.