ई-रीडर म्हणजे काय? बारामती-इंदापूरच्या वाचकाला तो किती उपयोगी?

आपण दिवसभर मोबाइलवर काही ना काही वाचतच असतो. व्हॉट्सॲपवर आलेले फॉरवर्ड, फेसबुकवरच्या लांबलचक पोस्ट, बातम्या, मीम्स. पण तीनशे पानांची कादंबरी मोबाइलवर वाचून संपवली असे सांगणारे किती जण भेटतात? फारच थोडे. डोळे दुखतात, बॅटरी उतरते आणि दर दोन मिनिटांनी एखादे नोटिफिकेशन येऊन लक्ष घालवते.

या अडचणींवर उपाय म्हणून एक वेगळे यंत्र आले. त्याला ई-रीडर किंवा ई-बुक रीडर म्हणतात. सगळ्यात प्रसिद्ध ई-रीडर म्हणजे ॲमेझॉनचा किंडल. कॅनडातल्या कोबो कंपनीचे आणि चीनमधल्या ओनिक्स कंपनीचे बूक्स या नावाचे रीडरही जगभर वापरले जातात. हे यंत्र नेमके चालते कसे, त्यावर मराठी किती वाचता येते आणि बारामती किंवा इंदापूरसारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाने ते घ्यावे का, ते समजून घेऊ.

पडदा असतो, पण टीव्हीसारखा नाही

मोबाइल, टॅब आणि टीव्ही यांचा पडदा आतून प्रकाश फेकतो. ई-रीडरचा पडदा कागदासारखा असतो. बाहेरचा उजेड त्यावर पडतो, परत फिरतो आणि म्हणून अक्षर दिसते.

या तंत्राला ई-इंक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शाई म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये १९९०च्या दशकात त्यावर काम झाले आणि १९९७ साली ई-इंक नावाची कंपनी निघाली. पडद्यात केसाच्या जाडीइतक्या बारीक असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पातळ द्रवात पांढरे आणि काळे कण तरंगत असतात. दोन्ही रंगांच्या कणांवर एकमेकांच्या विरुद्ध विद्युतभार असतो. खालून विजेचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्या रंगाचे खाली जातात. काळे वर आले तिथे अक्षर उमटते, पांढरे वर आले तिथे कोरा कागद दिसतो.

एकदा कण जागेवर बसले की ते तिथेच राहतात. पान तसेच ठेवायला वीज लागत नाही, पान उलटताना तेवढी लागते. म्हणून मोबाइल रोज चार्ज करावा लागतो आणि ई-रीडर एका चार्जिंगवर काही आठवडे चालतो. अर्थात कंपन्या हा आकडा रोज अर्धा तास वाचन धरून सांगतात. रोज तीन तास वाचणाऱ्याची बॅटरी त्याआधीच संपणार.

दुसरा फायदा उन्हात कळतो. भर दुपारी मोबाइलचा पडदा दिसेनासा होतो, ई-इंकचा पडदा उलट जास्त स्पष्ट दिसतो. रात्री वाचण्यासाठी बहुतेक नव्या रीडरमध्ये पडद्याच्या कडेला छोटे दिवे असतात. त्यांचा उजेड डोळ्यांकडे न येता पानावर पडतो. किंडलमध्ये ही सोय २०१२च्या पेपरव्हाइटपासून आली.

तोटेही आहेत. पडदा हळू चालतो, त्यामुळे व्हिडिओसाठी तो निरुपयोगी आहे. बहुतेक रीडर कृष्णधवल असतात. रंगीत ई-इंक आता आले आहे, पण त्याचे रंग मोबाइलपेक्षा फिके दिसतात.

वायरलेस झाल्याने काय बदलले?

ई-इंकचा पडदा असलेला सोनीचा लिब्रिए हा रीडर जपानमध्ये २००४ सालीच आला होता. पण अशा सुरुवातीच्या रीडरमध्ये पुस्तक भरायचे तर संगणक आणि वायर हवी असे. १९ नोव्हेंबर २००७ रोजी ॲमेझॉनने अमेरिकेत पहिला किंडल विकायला काढला. किंमत होती ३९९ डॉलर आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे त्याच्या आतच मोबाइल नेटवर्कची सोय होती आणि त्या नेटचे वेगळे बिल येत नसे. पुस्तक निवडा, विकत घ्या, मिनिटभरात वाचायला लागा. संगणकाची गरजच उरली नाही.

२००९च्या ऑक्टोबरमध्ये किंडलची आंतरराष्ट्रीय आवृत्ती आली आणि भारतातूनही तो मागवता येऊ लागला. भारतीय कंपनीचा प्रयत्नही झाला. अहमदाबादच्या इन्फिबीमने २०१० साली 'पाय' नावाचा ई-रीडर ९,९९९ रुपयांना बाजारात आणला. ऑगस्ट २०१२ मध्ये ॲमेझॉनने भारतासाठी किंडल स्टोअर सुरू केले आणि क्रोमाच्या दुकानांत किंडल ६,९९९ रुपयांना मिळू लागला.

आजचे बहुतेक रीडर वाय-फायवर चालतात. घरी वाय-फाय नसले तरी मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो. फक्त अक्षरे असलेले पुस्तक काही एमबीचेच असते, म्हणजे बऱ्याच रील्सपेक्षा लहान. एकदा उतरवून घेतले की नेट बंद असले तरी वाचता येते. रेंज येते-जाते अशा गावात किंवा वस्तीवर ही गोष्ट फार मोलाची आहे. इंदापूरहून पुण्याचा अप्पा बळवंत चौक सुमारे १३५ किलोमीटर आहे. तिथे न जाता रात्री दहा वाजता घरबसल्या पुस्तक मिळणे हेच वायरलेस रीडरचे खरे आकर्षण.

मराठीचे काय?

आपल्यासाठी महत्त्वाचा प्रश्न हाच. ॲमेझॉनने किंडलवर मराठी पुस्तकांची अधिकृत सुरुवात डिसेंबर २०१६ मध्ये केली. त्याच वेळी हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम या भाषाही आल्या. म्हणजे पहिला किंडल येऊन नऊ वर्षे झाल्यावर मराठीचा नंबर लागला.

उशिराचे एक कारण अक्षरांत आहे. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक मांडली की काम होते. देवनागरीत मात्र वेलांटी आधी, रफार वर आणि जोडाक्षर वेगळ्याच आकाराचे. 'स्वातंत्र्य' किंवा 'ऱ्हास' नीट दाखवायला यंत्रात तशी व्यवस्था असावी लागते. नसली तर अक्षरे फुटतात.

दुसरे कारण आपल्या छपाईत आहे. मराठी पुस्तके अनेक वर्षे श्रीलिपी, आकृती अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. ती युनिकोडमध्ये नसतात. त्यांचे ई-बुक करायचे तर मजकूर बदलून घ्यावा लागतो आणि पुन्हा मुद्रितशोधन करावे लागते. हा खर्च टाळायचा म्हणून अनेकदा सरळ पीडीएफ काढली जाते. गोची इथेच होते.

पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो असल्यासारखी असते. खरे ई-बुक, उदाहरणार्थ ईपब फाइल, पडद्याच्या आकाराप्रमाणे ओळी नव्याने मांडते. अक्षर मोठे केले की पाने वाढतात, वाचन सोपे होते. चाळिशी लागलेल्या माणसाला किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या आजोबांना हवे तेवढे अक्षर मोठे करता येते. छापील पुस्तकात ही सोय नाही. पीडीएफमध्ये मात्र अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते.

मोरोपंतांच्या गावात मोरोपंत कसे वाचाल?

बारामती म्हणजे कविवर्य मोरोपंतांचे गाव. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते कऱ्हाकाठी राहिले आणि १७९४ साली तिथेच वारले. 'आर्याभारत' आणि 'केकावली' ही त्यांची प्रसिद्ध काव्ये. ती वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.

भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे लेखनावर हक्क असतो. मोरोपंत, हरिभाऊ आपटे, केशवसुत यांचे साहित्य कधीच मुक्त झाले आहे. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे लेखन २०११पासून मुक्त आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०६०च्या अखेरपर्यंत राहील. म्हणून टेलिग्रामवर फिरणारी 'पुलंची सगळी पुस्तके' ही पीडीएफ बेकायदा आहे, मोरोपंतांची मात्र नाही. जुन्या काव्याला एखाद्या आजच्या अभ्यासकाने टीपा किंवा प्रस्तावना लिहिली असेल, तर त्या भागावर त्याचा हक्क असतो, हेही लक्षात ठेवा.

कायदेशीर आणि मोफत वाचायच्या जागा बऱ्याच आहेत. मराठी विकिस्रोतावर जुने साहित्य युनिकोडमध्ये मिळते आणि ते ईपब म्हणून उतरवता येते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक पुस्तके पीडीएफ रूपात खुली केली आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तके विनामूल्य देते. ईपब फाइल किंडलला ईमेलने किंवा ॲमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' पानावरून बिनतारी पाठवता येते.

नव्या मराठी पुस्तकांसाठी पुण्याच्या बुकगंगाचा संग्रह मोठा आहे, पण तिथली ई-पुस्तके त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायची असतात. ती किंडलवर चढत नाहीत. ॲप टाकता येईल असा ॲन्ड्रॉइडवर चालणारा ई-इंक रीडर घेतला तर हा मार्ग खुला होतो.

वारीत, शेतात आणि अभ्यासिकेत

जगद्गुरू तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीकडे जाते. गाथा, ज्ञानेश्वरी आणि हरिपाठ यांचे एकत्र वजन खांद्यावर किती होते ते चालणाऱ्याला माहीत. साधारण २०० ग्रॅमच्या रीडरमध्ये हे तिन्ही ग्रंथ बसतात आणि उन्हात वाचताही येतात. पावसाची धास्ती असेल तर जलरोधक मॉडेल बघा. पेपरव्हाइट २०१८पासून जलरोधक आहे. साध्या किंडलमध्ये ती सोय नाही. पारायणाची पोथी म्हणून मात्र अनेकांना कागदच हवा असतो आणि ते साहजिक आहे.

शेतावर मोटर चालू करून पाण्याची पाळी सांभाळत बसलेल्या माणसालाही हे यंत्र सोयीचे आहे. त्यात रील्स नाहीत, हाच त्याचा गुण.

एमपीएससीच्या मुलांसाठी उत्तर वेगळे आहे. अभ्यासाचे साहित्य बहुधा ए-फोर आकाराच्या पीडीएफमध्ये असते. बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीवर मोफत मिळतात, तीही पीडीएफच. त्यात तक्ते आणि रंगीत नकाशे असतात. ६-७ इंची कृष्णधवल पडद्यावर ते वाचणे त्रासाचे ठरते. अशा वाचकाने १० इंची टॅब घ्यावा किंवा सरळ झेरॉक्स काढावी. ई-रीडर घ्यायचा तर कादंबऱ्या, चरित्रे, आत्मचरित्रे यांसाठी घ्यावा.

पुस्तक विकत घेतले, पण ते तुमचे आहे का?

ही बाब जाहिरातीत सांगत नाहीत. दुकानातून आणलेले पुस्तक तुमच्या मालकीचे असते. वाचून झाले की ते शेजारच्या वहिनींना देता येते, गावच्या वाचनालयाला भेट देता येते, रद्दीतही घालता येते. किंडलवर 'खरेदी' केलेले पुस्तक म्हणजे वाचण्याचा परवाना असतो.

याचे गाजलेले उदाहरण जुलै २००९चे आहे. जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या एका विक्रेत्याने हक्क नसताना किंडलवर विकल्या होत्या. ते लक्षात आल्यावर ॲमेझॉनने ग्राहकांच्या रीडरमधून त्या परस्पर काढून टाकल्या आणि पैसे परत केले. त्यातली एक कादंबरी होती '१९८४', जिच्यात सरकार नको असलेले लेखन नाहीसे करते. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी नंतर माफी मागितली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलेले किंडल पुस्तक संगणकावर उतरवून वायरने रीडरमध्ये भरण्याची सोयही बंद केली.

जी वायरलेस जोडणी पुस्तक मिनिटभरात आणते, तीच ते परतही नेऊ शकते. एक पुस्तक चार घरांत फिरण्याची जी आपली सवय आहे, तिलाही इथे जागा नाही. म्हणून जपून ठेवायची पुस्तके छापील घ्या किंवा कुलूप नसलेली ईपब फाइल मिळत असेल तर ती स्वतःच्या संगणकावर ठेवा.

घेण्याआधी हे तपासा

एक, तुम्हाला हवी असलेली दहा मराठी पुस्तकांची यादी करा आणि ती कुठल्या दुकानात ई-बुक म्हणून आहेत ते आधी शोधा. किंडलचे ॲप मोबाइलवर मोफत मिळते. त्यावर पुस्तकाचा नमुना उतरवून बघा.

दोन, रीडर कोणाकडे असेल तर त्यावर मराठी फाइल उघडून जोडाक्षरे, 'ळ', 'ॲ' आणि 'ऱ्य' नीट दिसतात का ते पाहा.

तीन, हिशेब मांडा. नवा पेपरव्हाइट एप्रिल २०२५ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत १६,९९९ रुपये होती. तीनशे रुपयांच्या एका पुस्तकाप्रमाणे एवढ्या पैशांत पन्नासहून जास्त छापील पुस्तके येतात. वर्षाला चार पुस्तके वाचणाऱ्याला रीडर परवडत नाही. महिन्याला चार वाचणाऱ्याला, त्यातही इंग्रजी वाचणाऱ्याला, तो दोन-तीन वर्षांत परवडू शकतो.

चार, वाचनालयाची वर्गणी बंद करू नका. जी मराठी पुस्तके ई-बुक म्हणून अजून आलेलीच नाहीत, ती तिथल्याच कपाटात सापडतील.