हुतूतूचें प्रदर्शन आणि महिलांची कबड्डी

एखादा खेळ परदेशांत नुसता करून दाखविणें आणि परदेशीयांशीं तो चुरशीनें खेळणें, या दोन गोष्टी अगदीं निराळ्या आहेत. प्रदर्शनांत पराभव संभवत नाहीं. स्पर्धेंत तो पदोपदीं संभवतो, आणि म्हणूनच स्पर्धेंतील विजयाला मोल असतें. भारतीय महिलांच्या कबड्डीसंघाचा इतिहास पाहिला म्हणजे हा भेद स्पष्टपणें ध्यानांत येतो. त्या इतिहासाची एक आरंभींची पायरी वऱ्हाडांत आहे.

अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालीं झाली. वैद्य बंधूंनीं लावलेलें हें रोप पुढें असें फोफावलें कीं, १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने भरले, तेव्हां मंडळाच्या पथकानें तेथें जाऊन देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. अमरावती-अकोल्याकडे संध्याकाळच्या वेळीं मातीच्या मैदानावर रंगणारा हुतूतूचा खेळ असा युरोपापुढें गेला. पण तेथें समोर प्रतिपक्ष नव्हता. होते ते केवळ प्रेक्षक.

दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई सामन्यांतही कबड्डीला प्रदर्शनाचेंच स्थान मिळालें. १९९० सालीं बीजिंग येथें तिच्यासाठीं पदक ठेवण्यांत आलें, परंतु तें पुरुषांपुरतें. वास्तविक महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ सालींच कलकत्त्यास भरली होती. तरीही आशियाई सामन्यांचें दार त्यांना २०१० पर्यंत बंदच राहिलें. मुलींच्या अंगीं दम नव्हता असें नव्हे. त्यांच्यासाठीं सामनाच ठेवलेला नव्हता.

दार उघडतांच मात्र भारतीय संघानें आपली योग्यता दाखविली. २०१० सालीं ग्वांग्झू येथें अंतिम सामन्यांत थायलंडचा २८-१४ असा पराभव झाला. २०१२ सालीं पाटण्यास महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तींत इराणला २५-१९ असें हरवून भारतानें चषक जिंकला. सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तीन खेळाडू त्या संघांत होत्या. २०१४ सालीं इंचॉन येथें पुन्हां इराणच समोर आला आणि पुन्हां ३१-२१ असा हरला.

पण हरणारा शिकत होता. २०१८ सालीं जाकार्ता येथें इराणच्या महिलांनीं भारताला २७-२४ असें हरवून सुवर्णपदक पटकावलें. विशेष हें कीं, त्या विजयी संघाच्या प्रशिक्षिका नाशिकच्या शैलजा जैन होत्या. महाराष्ट्राची विद्या महाराष्ट्राच्याच एका बाईनें परक्या मुलींना दिली, आणि ती त्यांना पचली. या पराभवानें अनेकांना हळहळ वाटली. तथापि बर्लिनला प्रेक्षकांपुढें मांडलेला खेळ आतां खरोखरच परदेशांत रुजला, याची याहून बळकट साक्ष दुसरी कोणती?

त्यानंतर विजय स्वस्त राहिला नाहीं. २०२३ सालीं हांगझौ येथें चिनी तैपेईबरोबरचा पहिला सामना ३४-३४ असा बरोबरींत सुटला. अंतिम सामन्यांत त्याच संघाला भारतानें २६-२५ असें, अवघ्या एका गुणानें मागें टाकलें. २०२५ सालीं ढाका येथील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांतही चिनी तैपेईच समोर होता, आणि तो ३५-२८ असा हरला.

एका गुणाचें हें अंतर विसरण्याजोगें नाहीं. चढाई करणारीचा एक पाय मध्यरेषेपर्यंत पोहोंचतो कीं नाहीं, यावर पदकाचा निकाल लागतो, आणि तो पाय तयार होतो गांवच्या मैदानावर. इतर देश झपाट्यानें पुढें येत असतां येथील मुलींना संध्याकाळचा एक तास आणि खेळण्यास हक्काची जागा मिळते कीं नाहीं, हा प्रश्न केवळ शाळांचा अथवा क्रीडामंडळांचा नाहीं. तो प्रत्येक घराचाही आहे.