हातवारे (बोलण्यातील)

बोलणाऱ्याच्या हातांच्या व बोटांच्या ज्या हालचाली बोलण्याच्या लयीबरोबर आपोआप होतात आणि वाक्याच्या अर्थात भर घालतात, त्यांना हातवारे म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकनील यांनी १९९२ साली केलेल्या मांडणीनुसार त्यांचे चार प्रकार पडतात : वस्तूचा आकार किंवा क्रिया रेखाटणारे, अमूर्त कल्पनेला जणू वस्तू मानून दाखवणारे, दिशा वा वस्तू दाखवणारे दर्शक आणि बोलण्यातील आघाताबरोबर पडणारे ठेके. हालचालीचा मुख्य भाग संबंधित शब्दाच्या बरोबर किंवा किंचित आधी येतो. म्हणून हात व वाणी या एकाच विचारप्रक्रियेच्या दोन बाजू आहेत, असे मॅकनील यांचे प्रतिपादन होते.

व्याकरणाशी असलेले हाताचे नाते मराठीत विशेष स्पष्ट दिसते. पालघर तालुक्यातील सरावली किंवा लगतच्या बोईसरच्या बाजारात कोणी ‘एवढी सुरमई दे’ असे म्हटले, तर मापाचा हात दिसल्याशिवाय ते वाक्य पुरे होत नाही आणि तेच वाक्य फोनवर उच्चारले की ऐकणाऱ्याला ‘केवढी?’ असे विचारावेच लागते. ‘असा पीळ दे’, ‘इथून तिथवर खण’ या वाक्यांचीही तीच गत आहे. व्याकरणात ‘एवढा’, ‘असा’ यांची गणना सार्वनामिक विशेषणांत होते. परंतु वर्गवारीने वाक्यातील रिकामी जागा भरत नाही, ती हातच भरतो. त्यामुळे अशा वाक्यांत तरी हाताला भाषेबाहेरचे आभूषण मानणे चुकीचे ठरते. तारापूर औद्योगिक क्षेत्रामुळे या पट्ट्यात मराठी व वारलीबरोबर गुजराती, हिंदी आणि इतर भाषाही बोलल्या जातात. भाषा बदलली की हातात काय बदलते, हा प्रश्न येथे अभ्यासण्याजोगा आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर सोतारो किता आणि अस्ली ओझ्युरेक यांच्या २००३ च्या अभ्यासात मिळते. एकच व्यंगचित्रपट पाहून त्याची गोष्ट सांगताना इंग्रजी भाषकांनी गडगडत उतरण्याची क्रिया बहुधा एकाच हातवाऱ्यात दाखवली. तुर्की व जपानी भाषकांनी मात्र गडगडणे आणि उतरणे बऱ्याचदा वेगवेगळे दाखवले, कारण त्यांच्या भाषांत या दोन गोष्टी दोन क्रियापदांत विभागल्या जातात. मराठीतही ‘घरंगळत खाली आला’ या रचनेत क्रियेची रीत कृदन्तात जाते आणि दिशा मुख्य क्रियापदाकडे राहते, त्यामुळे मराठी हाताकडूनही तुर्कीसारख्या विभागणीची अपेक्षा करता येते. ‘गरगर’, ‘सर्रकन’, ‘धाडकन’ यांसारख्या अनुकरणवाचक शब्दांच्या वेळी हात काय करतो, हेही पाहण्याजोगे आहे. जपानीतील अशा शब्दांबरोबर हातवारे नेमके जुळून येतात, असे किता यांनी दाखवले आहे.

हातवारे केवळ श्रोत्यासाठी असतात, ही समजूत टिकत नाही. जन्मांध व्यक्ती दुसऱ्या अंध व्यक्तीशी बोलतानाही हात हलवतात, असे जाना आयव्हर्सन व सुझन गोल्डिन-मेडो यांनी १९९८ मध्ये दाखवले. दोन शब्द जोडू लागण्याआधी मूल ‘दे’ म्हणत खाऊकडे बोट दाखवते, म्हणजे वाक्याचा दुसरा घटक आधी हातात येतो. गणिती कल्पना शिकण्याच्या उंबरठ्यावरील मुलांच्या हातांतून कधीकधी अशी युक्ती व्यक्त होते, जी त्यांच्या तोंडी अजून आलेली नसते. अशा विसंगतीच्या काळात दिलेले शिक्षण अधिक फलदायी ठरते, ही बाब प्रत्येक शिक्षकाने ध्यानात घ्यावी इतकी मोलाची आहे.

रूढ संकेतांचा वर्ग यापासून वेगळा मानावा लागतो. शेतमालाच्या व गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याच्या पद्धतीत प्रत्येक पकडीला ठरलेले मूल्य असते आणि शब्दांची गरज उरत नाही. भारतीय सांकेतिक भाषा तर याही पलीकडची आहे : तिला स्वतःचा शब्दसंग्रह व स्वतंत्र व्याकरण असून ती मराठीचे वा हिंदीचे हाताने केलेले रूपांतर नव्हे.