ग्रीक शोकांतिका : अश्रू आणि विवेक

भावना उफाळली की विवेक मागे पडतो, असे आपण सहज बोलून जातो. हा वाद फार जुना आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये आपल्या आदर्श नगरात शोकांतिकाकारांना जागा नाकारली. परक्याच्या दुःखावर रडायची सवय लागली की माणूस स्वतःच्या दुःखातही स्वतःला सावरू शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

प्लेटोच्या आधीचा अथेन्सचा इतिहास मात्र मला वेगळे काही सांगतो.

इ.स.पू. ४९४ मध्ये इराण्यांनी मिलेटस हे ग्रीक शहर जिंकून उद्ध्वस्त केले. फ्रिनिकसने त्यावर नाटक केले, तेव्हा सारे प्रेक्षक रडले. हेरोडोटस सांगतो की, आपल्याच लोकांच्या दुःखाची आठवण करून दिली म्हणून अथेन्सने त्याला १००० द्राख्मांचा दंड ठोठावला आणि त्या नाटकावर बंदी घातली.

इ.स.पू. ४८० मध्ये इराणी फौजेने खुद्द अथेन्स जाळले. त्याच वर्षी सालामिसच्या समुद्रात तिचे आरमार हरले. आठ वर्षांनी एस्किलसने ‘पर्शियन्स’ रंगमंचावर आणले. तो स्वतः मॅरेथॉनला इराण्यांशी लढला होता. तरी नाटक घडते इराणच्या सूसा नगरीत. मुलाची वाट पाहणारी राजमाता, पराभवाची खबर आणणारा दूत, फाटक्या कपड्यांत परतलेला बादशहा झर्क्सिस. ग्रीक पात्र एकही नाही. अथेन्सच्या विजयाचा अभिमान त्यात आहेच, पण आक्रोश शत्रूच्या घरातला आहे. या नाटकाला पहिले पारितोषिक मिळाले.

पुढे ॲरिस्टॉटलने याचे मर्म सांगितले. नाहक भोगणाऱ्याबद्दल करुणा वाटते आणि तो आपल्यासारखाच आहे म्हणून भय वाटते. ‘आपल्यासारखाच’ हे ओळखणे विवेकाचेच काम नाही का? म्हणून शोकांतिकेतले रडू मला विवेकाचे वैरी वाटत नाही. एस्किलसच्या नाटकात दारियसचा आत्मा येऊन पराभवाचे कारण सांगतो, ते मुलाची घमेंड.

इतिहास शिकवताना आपण कोण जिंकले आणि कोणत्या साली, एवढेच विचारतो. हरलेल्यांच्या घरी त्या दिवशी काय झाले, हा प्रश्न क्वचितच येतो. अथेन्सने तो प्रश्न पाहिला, त्याला बक्षीस दिले आणि नंतर विसरूनही गेले. इ.स.पू. ४१५ मध्ये त्याने समुद्रापार सिसिलीवर स्वारी केली. दोन वर्षांत ते सैन्य आणि आरमार नष्ट झाले. या वेळी मुलांची वाट पाहणाऱ्या आया अथेन्समध्ये होत्या.