भोजपूरचा बांध, सायकलवरून

भोपाळहून भोजपूर 28 किलोमीटर. आपल्या बायका वर्षातून एकदा तरी बस करून जातात. शांतिनाथांचं दर्शन, अभिषेक, सावलीत डबे उघडायचे आणि परत. मीही कितीदा तशीच गेले. या हिवाळ्यात भाचीच्या हट्टापायी सायकलवर गेले, आणि मग कळलं की इतकी वर्षं आपण एका तळ्याच्या तळातून ये-जा करत होतो.

होशंगाबादचा रस्ता धरायचा. त्या गावाचं नाव आता नर्मदापुरम झालंय, पण तोंडात जुनंच बसलेलं. माळव्याच्या होशंगशाहाच्या नावाचं ते गाव, आणि त्यानंच पंधराव्या शतकात भोजाचं तळं फोडलं. म्हणजे ज्यानं पाणी सोडलं त्याच्या नावाच्या रस्त्यानं आम्ही पाणी शोधायला निघालो!

मिसरोद मागे पडलं, भोजपूरच्या फाट्याला वळलो, तशी वर्दळ ओसरली. दोन्हीकडे गहू, हरभरा. पुढच्या मंडीदीपमधलं ‘दीप’ म्हणजे द्वीप, तळ्यातलं बेट, असं सांगतात. आज तिथे कारखाने आहेत.

देवळाआधी बांध पाहायचा, असं भाचीनं बजावलं होतं. गाडीतून तो झाडीनं भरलेली टेकडीच वाटतो. सायकल टेकवून जवळ गेलं की दगड दिसतात, माणसाएवढे, एकावर एक रचलेले, मध्ये चुना नाही. आत मातीचा भराव आणि दोन्ही अंगांना हे दगड. अकराव्या शतकात राजा भोजानं टेकड्यांमधल्या फटी अशा बुजवल्या, बेतवा अडवली, कलियासोतचं पाणीही तिच्याकडे वळवलं. किनकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1888 मध्ये तळ्याचा विस्तार सुमारे 250 चौरस मैल धरला होता. आकडा थोडा फुगलेला असेल तरी केवढं पाणी! गोंडांची आठवण अशी, की बांध फोडायला फौजेला तीन महिने लागले, पाणी ओसरायला तीन वर्षं, आणि तळ वस्तीजोगा व्हायला तीस. त्या काठांवरच्या कोळ्यांचं काय झालं, ते कुणी सांगत नाही.

मग शांतिनाथ. सुमारे वीस फुटांची उभी मूर्ती. पायथ्याच्या लेखात भोजाचं नाव आहे. म्हणजे शिवाचं ते प्रचंड, अपुरं राहिलेलं देऊळ, आपलं मंदिर आणि बांध, सगळं एकाच काळातलं. शिवमंदिराशेजारच्या खडकावर कारागिरांनी कोरलेले नकाशे अजून आहेत, दगड वर चढवायचा उतारही आहे.

भक्तामरकर्ते मानतुंगाचार्य इथलेच, अशी आपली श्रद्धा. भोजानं त्यांना कोंडलं आणि कुलुपं गळून पडली, ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली. अभ्यासक मात्र आचार्यांना भोजाच्या बरंच आधी, सातव्या शतकाच्या आसपास ठेवतात. भाचीला मी दोन्ही सांगितलं. स्तोत्र त्यानं उणं होत नाही, आणि मुलींपासून इतिहास लपवूही नये.

मला बोचलं ते दुसरंच. रोज पाणी गाळून पिणाऱ्या आपण, आणि शांतिनाथांच्या उशाशी असलेला पाण्याचा एवढा बांध एकीनंही कधी विचारला नव्हता.

दिवस बुडायच्या आत जेवायचं, म्हणून तीनलाच सायकली वळवल्या.