मोटारवाहनांचे पुढील दिवे

रात्री रस्ता दिसावा म्हणून वाहनाच्या दर्शनी भागावर बसविलेले, दूरवर झोत टाकणारे दिवे. व्यवहारात त्यांना हेडलाइट म्हणतात. रस्ता उजळणे आणि समोरून येणाऱ्याचे डोळे न दिपविणे अशी दोन परस्परविरोधी कामे या दिव्यांना करावी लागतात व त्यांच्या रचनेत झालेले बहुतेक बदल या विरोधातूनच घडले आहेत. कोल्हापूर परिसरात हा विरोध रोजच्या अनुभवाचा आहे. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही, तर त्यातील साखर घटते. त्यामुळे गळीत हंगामात ट्रक, ट्रॅक्टर व बैलगाड्या रात्रीही रस्त्यावर असतात. दूध संकलनाच्या पिकअप गाड्या पहाटेच्या अंधारात निघतात. कोकणाशी थेट लोहमार्ग नसल्याने तिकडील माल आंबा, करूळ, फोंडा इ. घाटांतून रस्त्यानेच जातो-येतो आणि पावसाळ्यात या घाटांत दाट धुके असते.

इतिहास : बैलगाडीच्या आसाखाली टांगलेला रॉकेलचा कंदील रस्ता दाखविण्यापेक्षा गाडीचे अस्तित्व इतरांना कळविण्यासाठीच अधिक उपयोगी पडे. प्रारंभीच्या मोटारगाड्यांवर रॉकेलचे व ॲसिटिलीन वायूचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडून तयार होणाऱ्या या वायूची ज्योत प्रखर असे; मात्र प्रत्येक प्रवासापूर्वी दिव्याची झाडलोट करून त्यात कार्बाइड भरावे लागे. १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारगाडीवर विजेवर चालणारे आरंभक व दिवे एकत्रितपणे देण्यात आले आणि त्यानंतर विजेचे दिवे सर्वत्र रूढ झाले. विजेच्या प्रखर दिव्यांबरोबर दिपण्याची तक्रारही वाढली. तीवर उपाय म्हणून १९२५ च्या सुमारास एकाच फुग्यात दोन तंतू असलेला दिवा यूरोपात प्रचारात आला. त्यातील एक तंतू दूरच्या व दुसरा खाली झुकलेल्या झोतासाठी असे. चालकांच्या बोलीतील ‘अप्पर’ व ‘डिप्पर’ ते हेच.

अमेरिकेत १९४० पासून काच, परावर्तक व तंतू यांचा एकसंध मोहोरबंद दिवा वापरात आला. सात इंच व्यासाचा हा गोल दिवा जीपगाड्यांमुळे भारतातील खेड्यापाड्यांतही परिचित झाला. काचेच्या वरच्या भागावर काळा ठिपका रंगविण्याची पद्धत भारतात अनेक वर्षे होती. उपाय ओबडधोबड होता. पण त्यामागील जाणीव योग्य होती. १९६२ मध्ये यूरोपात हॅलोजन दिवा आला आणि १९७१ मध्ये दोन तंतूंचा ‘एच-४’ हा प्रकार निघाला. तो पुढे भारतातील असंख्य वाहनांवर बसविला गेला.

झेनॉन दिवे : जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीने १९९१ मध्ये आपल्या मोटारगाडीवर विद्युत् विसर्जन दिवा बसविला. यात तंतू नसतो. क्वॉर्ट्झच्या लहान कुपीत झेनॉन वायू व धातूंची लवणे असून दोन विद्युत् अग्रांमध्ये प्रज्योत निर्माण होते. ती पेटविण्यास २०,००० व्होल्टहून अधिक दाब लागतो; पेटल्यावर सु. ८५ व्होल्ट पुरतात. हा दाब बॅलास्ट नावाची पेटी पुरविते. ३५ वॉटचा असा दिवा सु. ३,२०० ल्यूमेन प्रकाश देतो, तर ५५ वॉटच्या हॅलोजन डिप्परपासून सु. १,००० ल्यूमेन मिळतो.

एवढा फरक पाहून जुन्या वाहनांचे मालक या दिव्याकडे आकृष्ट झाले नसते तरच नवल. चालू शतकाच्या पहिल्या दशकात झेनॉनचे जोडसंच सुट्या भागांच्या दुकानांतून मिळू लागले. दुरुस्ती व सुटे भाग यांसाठी ख्यातनाम असलेल्या उद्यमनगरच्या कोल्हापुरात जुने वाहन टाकून न देता सुधारून वापरणे हे अंगवळणी पडलेले आहे. १९८८ मध्ये आलेल्या टाटामोबाइलसारखी जुनी पिकअप या सुधारणेस सोयीची वाटते.

अडचण परावर्तकात आहे. एच-४ दिव्यात डिप्परच्या तंतूखाली धातूची लहान वाटी असते. ती खालच्या बाजूस जाणारा प्रकाश अडविते आणि त्यामुळे झोताला वरून स्पष्ट कड मिळते. परावर्तकाचा आकार त्या तंतूच्या नेमक्या जागेसाठी आखलेला असतो. त्या जागी वेगळ्या आकाराची, किंचित कमानदार प्रज्योत आणली, की कड पुसट होते व प्रकाश वर आणि आजूबाजूस विखुरतो. गाडीजवळचा रस्ता लख्ख दिसतो, म्हणून चालकाला समाधान वाटते. परंतु त्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना दूरचे कमी दिसते. धुक्यात तर विखुरलेला प्रकाश चालकाच्याच डोळ्यांवर परततो.

पिकअपच्या बाबतीत भाराचाही प्रश्न येतो. डिप्परचा झोत दर मीटरला सु. १ सेंमी. खाली झुकविलेला असतो. पुढच्या-मागच्या चाकांत ३ मी. अंतर असलेल्या गाडीचा मागचा भाग मालामुळे पुढच्यापेक्षा ३ सेंमी. अधिक दबला, तर हा उतार नाहीसा होतो आणि झोत सरळ समोरच्याच्या डोळ्यांकडे जातो. म्हणूनच यूरोपीय नियमांत २,००० ल्यूमेनहून अधिक प्रकाशाच्या डिप्परसाठी झोताची पातळी आपोआप साधणारी यंत्रणा व काच धुण्याची सोय आवश्यक ठरविण्यात आली. जोडसंचांत यांपैकी काहीच नसते.

जुन्या गाडीचा उजेड मंद असल्याची तक्रार खरी असते. तथापि दोष पुष्कळदा दिव्याचा नसून तारांचा असतो. जीर्ण तारा, गंजलेले जोड व झिजलेला खटका यांतून दिव्यापर्यंत पोहोचणारा दाब घटतो. दाब १० टक्के कमी झाला, तर हॅलोजनचा प्रकाश सु. ३० टक्के घटतो. बॅटरीपासून फ्यूजसह जाड तार घेऊन रिले बसविणे, अर्थिंग साफ करणे, काळवंडलेला परावर्तक बदलणे आणि झोताची दिशा भिंतीसमोर तपासणे, एवढ्याने मूळ दिवाच पुन्हा उजळतो. हे काम कोणताही जाणता वायरमन करू शकतो व ते झेनॉनपेक्षा श्रेयस्कर आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०६ नुसार पुढील दिव्याचा झोत कायमचा खाली वळविलेला किंवा चालकास वळविता येण्याजोगा असावा लागतो, ८ मी. अंतरावरील व १.५ मी. उंचीवरील डोळा दिपू नये, अशी त्यामागची कसोटी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरफारांवर निर्बंध घालते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कडक अर्थ लावला.

दरम्यान नव्या मोटारगाड्यांत झेनॉनची जागा प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थाने म्हणजेच एलईडीने घेतली आहे. जुन्या परावर्तकात बसणारे एलईडी फुगेही बाजारात आले असून झोत विखुरण्याची अडचण त्यांच्याही वाट्यास येते. ऊसवाहतुकीच्या रस्त्यावर तिचा धोका दुहेरी असतो. समोरच्या झोताने दिपलेल्या चालकाला पुढे संथ जाणारी, मागे दिवा नसलेली ट्रॉली वा बैलगाडी वेळेवर दिसत नाही. तिच्या मागे लावलेली लाल परावर्तक पट्टी मात्र साध्या हॅलोजनच्या उजेडातही लांबून चमकते.